खेळ आणि चरितार्थ : महिलांच्या व्यावसायिक गोल्फची पंचाहत्तर वर्षे



१५ जानेवारी २०१७ रोजी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात पहिली आलेली धावपटू परभणीची होती. ज्योती गवते यांनी बेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत कापले. दुसऱ्या क्रमांकाची धावपटू त्यांच्यानंतर सतरा मिनिटांहून अधिक काळाने पोचली. पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे त्या याच शर्यतीत भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या आणि २०१९ मध्ये त्यांनी आपली वेळ २ तास ४५ मिनिटे ४८ सेकंदांवर आणली.

ही कामगिरी पाहिल्यावर एक प्रश्न परभणी शहराने स्वतःलाच विचारायला हवा. लांब पल्ल्याची धावपटू वर्षातून फार तर दोन-तीन मॅरेथॉन जीव तोडून धावू शकते. तेवढ्या बक्षिसांवर खुराक, बूट, प्रवास, उपचार आणि घर कसे भागायचे? खेळाडू घडवण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. घडलेल्या खेळाडूने खेळावर जगायचे कसे, याबद्दल फार कमी बोलले जाते. खेळणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हा प्रश्न कुणी काढतच नाही. तिचे पुढे लग्न होईल, नाहीतर नोकरी लागेल, असे धरूनच चालतात.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे महिलांच्या व्यावसायिक गोल्फचे. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या मुलीला शाळेच्या वाटेवर गोल्फचे मैदान दिसत नाही. पण ‘आमच्या खेळाला मोल आहे आणि ते आम्ही मिळवणार’ हे ज्या स्त्रियांनी फार लवकर आणि फार चिकाटीने जगाकडून कबूल करून घेतले, त्यांत गोल्फ खेळणाऱ्या स्त्रिया अगदी पुढे होत्या. त्यांनी ते कसे केले, हे परभणीने समजून घेण्यासारखे आहे.

खेळावर जगण्याची एक रीत मराठवाड्याला जुन्या ओळखीची आहे. ती म्हणजे जत्रेतला कुस्त्यांचा फड. हलगी वाजू लागते. आधी पोराटोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग चढत्या इनामाच्या आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती. पैलवान जत्रांच्या तिथ्या पाठ ठेवतो, या गावातून त्या गावात जातो आणि चार-पाच महिन्यांच्या हंगामात वर्षाच्या खुराकाची सोय लावतो. व्यावसायिक गोल्फचा ‘दौरा’ म्हणजे याच रीतीचे मोठे रूप. ठरलेल्या तारखा, ठरलेली रक्कम, एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारे तेच खेळाडू आणि वर्षातून एकदा येणारी मानाची स्पर्धा, म्हणजे अजिंक्यपद.

फरक एवढाच, की आपला फड पुरुषांचा होता. महाराष्ट्र केसरीची पहिली मानाची कुस्ती १९६१ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने तो किताब जिंकला. या दोन तारखांत बासष्ट वर्षांचे अंतर आहे.

आता खेळाची थोडी ओळख. गोल्फच्या एका मैदानावर अठरा होल असतात. प्रत्येक होलसाठी किती फटके पुरेसे, ते ठरलेले असते. त्याला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’. चेंडू पावणेदोन इंचांपेक्षा किंचित लहान असतो आणि ज्या खळगीत तो जायला हवा, ती सव्वाचार इंच रुंद असते. खेळाडूच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या. मोठी स्पर्धा चार दिवस चालते, रोज अठरा होल, म्हणजे एकूण बहात्तर. ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकला.

या खेळाचा खरा कस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागतो. छत्तीस होल झाले की ‘कट’ लागतो. दीडशेच्या आसपास खेळाडूंपैकी साधारण निम्म्या गाळल्या जातात. कट चुकला की दौऱ्यातल्या बहुतेक स्पर्धांत बक्षिसाचा एक रुपयाही मिळत नाही आणि विमानाचे भाडे, हॉटेल, काठ्यांची पिशवी उचलणाऱ्या कॅडीचा मेहनताना मात्र खिशातून जातो. कट पार केला तर शेवटच्या क्रमांकालाही काही ना काही मिळतेच. गुणपत्रिकेवर खेळाडू स्वतः सही करते आणि प्रत्यक्षात मारल्यापेक्षा कमी फटके लिहून सही झाली, तर ती थेट बाद होते. नियम मोडला गेला आणि कुणी पाहिले नाही, तरी दंडाचा फटका तिने स्वतःच लावून घ्यायचा असतो.

गोल्फचे मैदान ज्या गवतावर उभे राहते, त्याच्याशी मात्र परभणीच्या शेतकऱ्याचे जुने वैर आहे. उष्ण प्रदेशांत फेअरवेसाठी, म्हणजे मैदानाच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यासाठी, लावतात ते बर्म्युडा गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहायच्या दूर्वा त्याच. काळ्या रानात खुरपून काढली तरी एका पेरातून पुन्हा फुटणारी, कपाशीला जेरीस आणणारी ही हरळी निवडून, संकर करून, ‘ग्रीन’वर, म्हणजे खळगीभोवतीच्या हिरवळीवर, तीन-चार मिलिमीटर उंचीवर रोज कापतात. त्यावरून चेंडू सतरंजीवरून घरंगळावा तसा जातो.

स्त्रियांच्या स्पर्धात्मक गोल्फची एक सुरुवात भारताशी जोडलेली आहे आणि ती फारशी कुणाला ठाऊक नाही. मार्गारेट अ‍ॅबट ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्यात जन्मली. पुढे ती अमेरिकेत वाढली आणि चित्रकला शिकायला पॅरिसला गेली. १९०० मध्ये तिथे महिलांची नऊ होलची एक गोल्फ स्पर्धा झाली. मार्गारेट खेळली, तिची आईही त्याच स्पर्धेत खेळली. मार्गारेटने ४७ फटक्यांत नऊ होल पूर्ण करून पहिला क्रमांक मिळवला आणि बक्षीस म्हणून चिनीमातीचे भांडे घरी नेले. ती स्पर्धा ऑलिम्पिकचा भाग होती, हे तिला कुणी सांगितलेच नाही. १९५५ च्या जूनमध्ये ती वारली, तोवरही तिला ते कळले नव्हते. अमेरिकेची पहिली महिला ऑलिम्पिक विजेती आपण आहोत, याचा पत्ताच नसताना ती गेली. त्यानंतर महिलांचा गोल्फ ऑलिम्पिकमध्ये पुन्हा आला तो थेट २०१६ मध्ये, ११६ वर्षांनी.

ही हकिगत चुकचुकण्यापुरती सांगितलेली नाही. स्पर्धेला नाव नसेल, नोंद नसेल आणि ती पुन्हा भरणार नसेल, तर जिंकणारीच्या हाती काय उरते, ते यात दिसते.

अमेरिकेत स्त्रियांनी व्यावसायिक संघटना उभारण्याचा पहिला प्रयत्न १९४४ मध्ये केला. त्या संघटनेने १९४६ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावी पहिली यूएस विमेन्स ओपन भरवली. पॅटी बर्ग जिंकली आणि तिला बक्षीस युद्धरोख्यांच्या रूपात मिळाले. पण पैसा कमी पडला, माणसे दमली आणि चार-पाच वर्षांत ती संघटना मोडली.

दुसरा प्रयत्न १९५० चा. कॅन्सास राज्यातल्या विचिटा शहरात ओपन चालू असताना तेरा जणींनी कागदावर सह्या केल्या आणि एलपीजीए, म्हणजे महिला व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना, जन्माला आली. अध्यक्ष पॅटी बर्ग. तेरांतली सर्वांत धाकटी मार्लीन बावर तेव्हा सोळा वर्षांची होती. क्रीडासाहित्य बनवणाऱ्या विल्सन कंपनीने व्यवस्थापक फ्रेड कॉर्कोरन यांच्या पगाराचा भार उचलला. बाकी सगळे या बायांनीच केले. मोटारींचा तांडा करून त्या एका गावाहून दुसऱ्या गावी जात. पोचल्यावर मैदान आखायचे, खळग्यांच्या जागा ठरवायच्या, नियमांचे वाद सोडवायचे, बातम्या लिहून वर्तमानपत्रांना द्यायच्या आणि मग त्याच मैदानावर एकमेकींविरुद्ध खेळायचे. प्रेक्षक यावेत म्हणून मॅरिलिन स्मिथसारखी खेळाडू बेसबॉलच्या सामन्याआधी मैदानात उतरे, चार चेंडू टोलवून दाखवी आणि ध्वनिक्षेपक हाती घेऊन लोकांना आमंत्रण देई.

या तेरा जणींतले सर्वांत मोठे नाव बेब झहारियस. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेक आणि अडथळ्यांची शर्यत अशी दोन सुवर्णे आणि उंच उडीचे रौप्य तिने मिळवले होते. पण १९३२ मध्ये अशा धावपटू स्त्रीला पोटापाण्याचे साधन कुठे होते? तिने गोल्फ शिकून घेतला. १९५३ मध्ये कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी तिने यूएस विमेन्स ओपन बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. १९५६ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ती वारली. मैदानी खेळात दोन सुवर्णे मिळवलेल्या स्त्रीला चरितार्थासाठी खेळच बदलावा लागला, हे धावपटूंच्या परभणीने विसरू नये.

संघटना झाली, दौरा सुरू झाला. आता हवी होती मानाची कुस्ती. ती १९५५ च्या जुलैमध्ये इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे झाली, मार्गारेट अ‍ॅबट वारल्यानंतर महिन्याभराने. पहिली एलपीजीए चॅम्पियनशिप बेव्हर्ली हॅन्सनने जिंकली. अंतिम लढतीत तिने संस्थापकांपैकीच एक असलेल्या लुईस सग्जला हरवले. एकूण रक्कम ६ हजार डॉलर, विजेतीला १,२०० डॉलर. तेव्हापासून ही स्पर्धा दरवर्षी होत आली आहे. २०१५ पासून ती पीजीए ऑफ अमेरिका या व्यावसायिकांच्या जुन्या संघटनेच्या सहकार्याने ‘विमेन्स पीजीए चॅम्पियनशिप’ या नावाने होते. त्या वर्षी रक्कम ३५ लाख डॉलर होती. २०२४ मध्ये १ कोटी ४ लाख आणि २०२५ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर. २०२५ चे अजिंक्यपद ऑस्ट्रेलियाच्या मिंजी लीने टेक्सासमधल्या फ्रिस्को इथे जिंकले आणि तिला १८ लाख डॉलर मिळाले.

या आकड्यांत दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट वाटणीची. १९५५ मध्ये विजेतीला एकूण रकमेचा पाचवा हिस्सा मिळाला. २०२५ मध्ये शंभरातले पंधरा मिळाले. म्हणजे रक्कम वाढत गेली, तशी ती अधिक जणींत वाटली गेली. दहावी, तिसावी, साठावी खेळाडू पुढच्या आठवड्याचे तिकीट काढू शकते, म्हणून दौरा टिकतो. सगळे पैसे पहिल्या क्रमांकावर उधळले, तर पुढच्या वर्षी तिच्यासमोर उभे राहायला कुणी उरणार नाही.

दुसरी गोष्ट शिक्षिकांची. या अजिंक्यपदात १५६ जणी उतरतात. त्यांतल्या आठ जागा क्लबांमध्ये गोल्फ शिकवणाऱ्या प्रशिक्षक स्त्रियांसाठी राखलेल्या असतात. त्यांच्या स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धेतून त्या निवडल्या जातात. एरवी लहान मुलींच्या हातात काठी धरायला शिकवणारी शिक्षिका त्या आठवड्यात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूबरोबर एकाच मैदानावर, त्याच नियमांनी खेळते. बहुतेक वेळा ती कटमध्ये गळते. तरी तिच्या गावातल्या मुलींना ती तिथे दिसते.

वाट सरळ मात्र नव्हती. पीजीए ऑफ अमेरिकाच्या घटनेत केवळ गोऱ्यांनाच सदस्यत्व देणारे कलम १९६१ पर्यंत होते. विम्बल्डन जिंकलेली पहिली कृष्णवर्णीय खेळाडू अल्थिया गिब्सन टेनिसमधून गोल्फकडे वळली आणि १९६४ मध्ये एलपीजीए दौऱ्यावर खेळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. तेव्हाही काही क्लब तिला कपडे बदलण्याच्या खोलीत येऊ देत नसत. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज इथल्या ज्या रॉयल अँड एन्शंट क्लबने या खेळाचे नियम घडवले, त्याने स्त्रियांना सदस्य करून घ्यायचे ठरवले ते २०१४ मध्ये. पुरुषांच्या पीजीए चॅम्पियनशिपची २०२५ ची रक्कम १ कोटी ९० लाख डॉलर होती आणि महिलांची १ कोटी २० लाख. दरी आहे. पण १९५० मध्ये ज्यांना स्वतःच्या स्पर्धेच्या खळग्या स्वतः आखाव्या लागत होत्या, त्यांच्या नातींच्या पिढीने ती इतकी बुजवली आहे.

स्पर्धा काय करू शकते, याचा सर्वांत मोठा पुरावा दक्षिण कोरियाचा. १९९८ मध्ये तो देश आर्थिक संकटात रुतला होता. त्याच वर्षी वीस वर्षांच्या से री पाकने अमेरिकेत आधी एलपीजीए चॅम्पियनशिप आणि मग यूएस विमेन्स ओपन जिंकली. ओपनच्या बरोबरी फोडणाऱ्या फेरीत तिचा चेंडू पाण्याच्या काठावर अडकला; तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि तिथून फटका मारला. कोरियातल्या घराघरांत ते दृश्य पाहिले गेले. ते पाहणाऱ्यांत नऊ वर्षांची इनबी पार्क होती. पुढे तिने विमेन्स पीजीए चॅम्पियनशिप २०१३ ते २०१५ अशी सलग तीन वर्षे जिंकली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकचे सुवर्ण मिळवले. तेव्हा कोरियन संघाची मार्गदर्शक होती से री पाक.

भारतात गोल्फ आला तो इंग्रजांबरोबर. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, देवळाली, कामठी अशा छावणीच्या आणि साहेबांच्या गावांत मैदाने झाली. नाशिककर आजही हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. तिथे आता क्रिकेट चालते आणि लोक पहाटे फिरायला येतात, पण नाव गेलेले नाही. आपल्याकडच्या अनेक चांगल्या खेळाडू लष्करी कुटुंबांतून आल्या, कारण मैदान छावणीत होते.

स्त्रिया खेळत होत्या, पण हौशी म्हणून. सीता रावले यांना १९७७ मध्ये, नोनिता लाल यांना १९८७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सन्मान होता, मिळकत नव्हती. कोलकात्याच्या स्मृती मेहरा नव्वदच्या दशकात एलपीजीए दौऱ्यावर पोचल्या. तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय. त्यांना जावे लागले अमेरिकेत, कारण इथे खेळण्यासारखा दौराच नव्हता. तो पुढच्या दशकात विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाने उभा केला. तीन-तीन दिवसांचे टप्पे, शहरोशहरी. पुण्यात येरवड्याच्या मैदानावरही त्याचे टप्पे झाले आहेत. २००७ पासून महिलांची इंडियन ओपन सुरू झाली आणि २०१० पासून ती युरोपच्या महिला दौऱ्यात मोजली जाऊ लागली.

बंगळुरूची अदिती अशोक ही याच शिडीने चढली. तिचे आईवडील गोल्फ खेळणारे नव्हते. सराव मैदानाजवळ न्याहारीला जाता-येता लहानगीला कुतूहल वाटले आणि तिघेही एकत्रच शिकले. १ जानेवारी २०१६ ला ती व्यावसायिक झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अठराव्या वर्षी ती रिओ ऑलिम्पिक खेळली, वडील कॅडी म्हणून पिशवी उचलत होते. नोव्हेंबरमध्ये तिने गुरुग्रामला इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारी पहिली भारतीय.

७ ऑगस्ट २०२१ ची सकाळ अनेकांना आठवत असेल. टोकियो ऑलिम्पिकमध्ये कासुमिगासेकी मैदानावर अदिती पदकाच्या जागेवर होती. जगातला तिचा क्रमांक २०० होता. काही आठवड्यांपूर्वी कोविड होऊन गेलेला, अंगात ताकद कमी, पहिला फटका बरोबरच्या खेळाडूंपेक्षा पुष्कळ मागे पडायचा. दुसऱ्या फटक्यात ती अंतर भरून काढायची आणि ग्रीनवर तिच्यासारखे पटिंग, म्हणजे चेंडू खळगीकडे घरंगळवणे, कुणाचेच होत नव्हते. मध्ये वादळाने खेळ थांबला. या वेळी पिशवी आईच्या, माहेश्वरी यांच्या खांद्यावर होती. अठराव्या होलवर बर्डीचा लांब पट बाजूने गेला आणि २६९ फटक्यांवर, पारच्या पंधरा खाली, ती चौथी आली. पदक एका फटक्याने हुकले. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचे सुवर्ण जिंकले आणि देश आनंदात बुडाला. पण त्या सकाळी या देशातल्या लाखो घरांत लोक बर्डी म्हणजे काय, हे एकमेकांना विचारत होते.

त्या स्पर्धेत भारताची आणखी एक मुलगी होती. हरियाणाच्या झज्जरची दीक्षा डागर. जन्मापासून ऐकू येत नाही, डावखुरी आहे, वडील लष्करात अधिकारी आणि तेच पहिले गुरू. २०१७ च्या डेफलिम्पिक्समध्ये तिने रौप्य मिळवले, पुढच्या डेफलिम्पिक्समध्ये सुवर्ण. युरोपच्या महिला दौऱ्यावर २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०२३ मध्ये चेक प्रजासत्ताकात ती जिंकली. २०२३ मध्येच हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अदितीने रौप्य मिळवले. आशियाईत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला गोल्फपटू.

या नावांत मराठी मुलगी अजून नाही, हे सांगायला हवे. पुरुषांत पुण्याचा उदयन माने टोकियोला भारताकडून खेळला. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी क्लबच्या कुंपणाबाहेर तर या खेळाचे एक वेगळेच रूप जन्मले. तिथल्या वस्तीतली कॅडीची मुले बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी करतात, प्लास्टिकचा चेंडू घेतात आणि बोळ, पायऱ्या, पत्रे, उकिरडा यांतून होल ठरवून खेळतात. ज्यांना आत खेळायची परवानगी नाही, त्यांनी बाहेर आपले मैदान केले. त्या बोळांतही मुलीच्या हाती सळई अपवादानेच दिसते.

मग परभणीत गोल्फचे मैदान करावे काय? नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण दीडशे एकर जमीन लागते आणि ते बारमाही हिरवे ठेवायला रोज पाणी लागते. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे अशी मागणी करणे अन्यायाचे होईल. हरळी रानात आहे, तिथेच बरी.

गोल्फकडून घ्यायची आहे ती रचना. त्या तेरा जणींनी एक पक्के ओळखले होते. एखादी मोठी स्पर्धा भरवून भागत नाही. तारखा आधी कळायला हव्यात, रक्कम आधी जाहीर व्हायला हवी, ती खालपर्यंत झिरपायला हवी आणि पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा होणार, याची खात्री हवी. महिला क्रिकेटला आपल्याकडे हे २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगने दिले; सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाला पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय मुलींनी एकदिवसीय विश्वचषक उंचावला. त्यांच्यामागे सामन्याचे समान मानधन आणि नियमित हंगाम उभा होता. धावणे, खो-खो, कबड्डी या आपल्या मुलींच्या खेळांना असा हंगाम हवा आहे.

परभणी त्याची सुरुवात धावण्यापासून करू शकते. उन्हाळ्यात हे शहर भाजते, पण डिसेंबरमध्ये कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतले किमान तापमान राज्याच्या बातम्यांत झळकते. लांब पल्ल्याच्या धावपटूला हवी असते तीच ही हवा. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या मध्यावर असते. त्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाच रविवार, पाच गावे: सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, परभणी. पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती, फक्त महिलांच्या. पाचही शर्यतींचे गुण एकत्र धरायचे आणि शेवटच्या रविवारी परभणीला जिल्ह्याचे अजिंक्यपद द्यायचे.

पैशाचे काय? जत्रेच्या फडाला गावोगावी वर्गणी निघते; आडत दुकानदार, सहकारी बँका, डॉक्टर, माजी विद्यार्थी इनाम लावतात. तोच हात इथे पुढे करता येईल. विजेतीला एकूण रकमेच्या पंधरा टक्क्यांहून जास्त देऊ नये आणि विसाव्या क्रमांकापर्यंत काही ना काही पोचावे. दहा लाख रुपये जमले, तर पहिलीला दीड लाख आणि विसावीला निदान एसटीचे भाडे, बुटांचा जोड आणि महिन्याचा खुराक. प्रत्येक शर्यतीत आठ जागा जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका आणि क्रीडाशिक्षिकांसाठी राखाव्यात. त्यांच्यासाठी वेगळा गट नको, त्याच शर्यतीत त्यांनी धावावे. बक्षिसाची रक्कम मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी, आणि प्रत्येकीची वेळ लिहून, छापून ठेवली जावी.

ज्योती गवते यांच्यासारख्या अनुभवी धावपटूंना या हंगामाच्या समितीत मतदानाच्या हक्कासह बसवावे. विचिटात सह्या करणाऱ्या तेराही जणी स्वतः खेळाडू होत्या. आणि तारखा जूनमध्ये, शाळा उघडतानाच जाहीर कराव्यात, म्हणजे सोनपेठ-पालमच्या मुलींना आणि त्यांना पळवणाऱ्या शिक्षकांना तयारीला पुरते पाच महिने मिळतील.